कॅसेटला टपली मारल्यावर गुप्त मेनू का उघडतो?

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या मशीनवर १९९६ साली ‘सॉनिक थ्रीडी’ नावाचा गेम आला. खेळ रंगात असताना मशीनमध्ये खोचलेल्या कॅसेटला बाजूने टपली मारली, तर पडदा गोठेल अशी आपली अपेक्षा असते. इथे भलतंच होतं. पडद्यावर चक्क अभिनंदनाचा संदेश येतो, तुम्हाला गुप्त ‘लेव्हल सिलेक्ट’ सापडल्याचं सांगतो आणि लेव्हलची अख्खी यादी समोर ठेवतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, कॅसेटमध्ये धक्का ओळखणारा एखादा भाग बसवलाय.

तसा काही भाग नाही. गेम बनवणाऱ्या ट्रॅव्हलर्स टेल्स कंपनीचे जॉन बर्टन यांनी २०१७ साली एका व्हिडीओत यामागची गोष्ट सांगितली. गेम मंजुरीसाठी सेगाकडे गेला की तिथले परीक्षक तो खेळून बघत, आणि खेळताना कुठे कोलमडला तर परत पाठवत. मग दुरुस्ती, आणि पुन्हा तपासणी. मेगा ड्राइव्हमध्ये ६८००० नावाचा प्रोसेसर आहे. त्याला अशक्य काही करायला सांगितलं, म्हणजे शून्याने भागायला किंवा अस्तित्वात नसलेली आज्ञा पाळायला, तर तो चालू काम सोडून आधी ठरवून दिलेल्या एका ठिकाणी उडी मारतो. त्या ठिकाणी काय ठेवायचं हे प्रोग्रॅमरच्या हातात असतं. बर्टन यांनी तिथे लेव्हल सिलेक्ट ठेवला. गेम कोसळला तरी परीक्षकाला वाटणार, आपल्याला गुपित सापडलं! कॅसेटला टपली बसली की तिच्या पट्ट्या क्षणभर मशीनपासून सुटतात, प्रोसेसर काहीतरी चुकीचं वाचतो आणि उडी मारून त्याच यादीवर येतो.

इतकी निर्लज्ज आणि इतकी हुशार पळवाट मला दुसरी माहीत नाही. जुन्या, हातोहात फिरलेल्या कॅसेट विचित्र का वागतात हे समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरणही नाही, कारण तिच्यात बिघाड आणि गुप्त मोड हे एकच आहेत. एरवी ते वेगळे असतात, आणि विचित्रपणा धातूच्या पट्टीतून आलाय की लिहिलेल्या प्रोग्रॅममधून, हे बऱ्याचदा पडद्याकडे बघूनच ओळखता येतं.

डब्यात काय असतं

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी टीव्हीला जोडायची जी मशीन्स मिळत, ती आतून निन्टेंडोच्या फॅमिकॉमसारखीच होती. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. त्याचा अमेरिकी अवतार म्हणजे १९८५ चा एनईएस. उन्हाळ्याच्या सुट्टीत तासाच्या भाड्याने खेळलेला मारिओ, काँट्रा किंवा रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ हे सगळे या घराण्यातले.

त्यांची कॅसेट उघडली तर आत फीत वगैरे नसते. तळहातापेक्षा लहान बोर्ड असतो, त्यावर एक-दोन चिप, आणि स्वस्त कॅसेट असेल तर चिपऐवजी काळ्या इपॉक्सीचा वाळलेला थेंब. बोर्डाच्या खालच्या कडेला ६० पट्ट्या असतात, अमेरिकी कॅसेटला ७२. कॉम्प्युटर जसा डिस्कवरचा गेम आधी आपल्या मेमरीत उतरवून घेतो, तसं इथे होत नाही. मशीनचा प्रोसेसर खेळ चालू असेपर्यंत या पट्ट्यांमधून थेट चिपच वाचत राहतो, सेकंदाला लाखो वेळा. म्हणून खेळताखेळता कॅसेट जराशी हलली तरी परिणाम लगेच दिसतो.

फॅमिकॉमची खासियत अशी की तिथे वाचनाचे दोन स्वतंत्र रस्ते आहेत. एकावरून प्रोसेसर गेमचा प्रोग्रॅम वाचतो, दुसऱ्यावरून चित्राची चिप चित्रं वाचते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा गेम एकूण ४० किलोबाइटचा. त्यातले ३२ प्रोग्रॅमचे, ८ चित्रांचे. चित्रांच्या रस्त्यावरची एखादी पट्टी मळली तर मारिओ नीट पळतो, नीट उड्या मारतो, गाणंही वाजतं, फक्त विटांच्या जागी अक्षरं आणि ढगांच्या जागी भलतेच तुकडे दिसतात. ही ‘पत्ता’ सांगणारी पट्टी बिघडल्याची खूण: चित्राची चिप योग्य तुकडा मागतेय, पण पत्त्यातला एक आकडा चुकीचा पोचल्याने दुसराच तुकडा हातात येतोय. याउलट सगळी चित्रं जागच्या जागी आहेत पण प्रत्येकावर सारख्या अंतराने उभ्या रेघा आहेत, तर ‘मजकूर’ आणणारी पट्टी गेलेली असते. चित्रांच्या एका बाइटमध्ये आडव्या ओळीतले आठ ठिपके असतात. आठांपैकी एक तार तुटली की दर आठवा ठिपका बिघडतो आणि उभी रेघ तयार होते.

प्रोग्रॅमच्या रस्त्यावर मळ असेल तर मात्र काही दिसायची शक्यताच कमी. एकरंगी पडदा, किंवा मध्येच गोठलेलं चित्र. पडदा गोठलाय पण गाणं चालू आहे असा प्रकार बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तो भुताटकीचा नाही. टीव्हीचं प्रत्येक चित्र संपल्यावर प्रोसेसरला एक हाक येते, आणि अनेक गेममध्ये संगीत पुढे ढकलायचं काम त्या हाकेला बांधलेलं असतं. मूळ प्रोग्रॅम कुठेतरी गोल गोल फिरत अडकला तरी हाक येतच राहते आणि गाणं वाजत राहतं. सॉनिकसारखी सुरक्षित उडी मात्र इथे नाही. फॅमिकॉमचा प्रोसेसर ६५०२ घराण्यातला आहे. त्याला अस्तित्वात नसलेली आज्ञा दिली तर तो तक्रार करत नाही, काहीतरी अर्धवट करून पुढे जातो. बारा आज्ञा तर अशा आहेत की त्या वाचल्या की तो जागच्या जागी थिजतो आणि रीसेट केल्याशिवाय हलत नाही. फॅमिकॉमच्या गेमचं कोसळणं इतकं रंगीबेरंगी का असतं याचं उत्तर या निमूटपणात आहे.

आता फुंकरीबद्दल. कॅसेट चालली नाही की काढून खाली फुंकर मारायची, हे ज्ञान मुंबईपासून मिनेसोटापर्यंत कुणीही कुणाला न शिकवता पसरलं. फुंकरीने थोडी धूळ उडत असेल, पण खरा गुण येतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याने. पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि वेगळ्या जागी टेकतात. तोंडातली वाफ मात्र धातूवर बसते आणि कालांतराने गंज धरतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसणं हा योग्य उपाय. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे वापरतात ते पांढरं खोडरबरही चालतं, पण जपून, आणि नंतर कण झटकून.

अमेरिकी एनईएसवर एक जास्तीचं लक्षण दिसतं: लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा उघडझाप करतो आणि पडदाही त्याच्याबरोबर. तिथे मशीनमध्ये आणि कॅसेटमध्ये एकेक पहारेकरी चिप असते. दोघी एकमेकींशी ठरलेल्या संकेतात सतत बोलतात. बोलणं जुळलं नाही की मशीनमधली चिप रीसेट दाबून धरते. बनावट कॅसेट अडवायला ही सोय होती, प्रत्यक्षात ती मळक्या पट्ट्यांनाही चोर समजते. जपानी फॅमिकॉममध्ये पहारेकरी नव्हता. आपल्याकडच्या नकलांमध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणून आपल्या बाजारात ‘इन वन’ कॅसेटचं राज्य आलं.

‘९९९९९९९ इन वन’

या आकड्यावर लहानपणी कुणाचा विश्वास बसला असेल असं नाही, पण आत नेमकं काय केलेलं असतं ते बघण्यासारखं आहे. यादीतले शेकडो गेम म्हणजे मूठभर गेमची पुन्हा पुन्हा लिहिलेली नावं. तोच मारिओ एकदा पहिल्या लेव्हलपासून, एकदा तिसऱ्यापासून, एकदा थेट आठव्या वर्ल्डमधून. कुठल्या लेव्हलपासून सुरुवात करायची आणि किती जीव द्यायचे हे गेममध्ये एकेका बाइटचे आकडे असतात. नक्कल करणाऱ्याने ते शोधून काढले, मेनूतून निवड झाली की हवा तो आकडा तिथे बसवला, आणि एका गेमचे वीस झाले. तीस जीव घेऊनच सुरू होणारा काँट्रा याच खटपटीतून जन्मला.

काही स्वस्त ‘फोर इन वन’ कॅसेटमध्ये मेनूच नसतो. रीसेट दाबलं की पुढचा गेम, पुन्हा दाबलं की त्याच्या पुढचा. नवीन माणसाला वाटतं कॅसेट बिघडली, मारिओ लावला आणि भलतंच आलं. फॅमिकॉमच्या कॅसेटला रीसेटची वेगळी तार मिळत नाही, तरी तिला कळतं कसं? रीसेट दाबलेलं असताना प्रोसेसरकडून येणारा ठोका थांबतो. बोर्डावरचं साधं सर्किट त्या शांततेवरून ओळखतं की रीसेट झाला, आणि आपला मोजणी-आकडा एकाने वाढवतं.

माझ्या मते या घराण्यातला सगळ्यात सुंदर गुप्त मोड बोर्डावर असतो. बऱ्याच ‘इन वन’ कॅसेटच्या बोर्डावर शेजारीशेजारी छोटे, कशालाच न जोडलेले तांब्याचे ठिपके सापडतात. त्यातले दोन सोल्डरने जोडले तर मेनू बदलतो. कारखाना एकाच चिपमध्ये दोन-चार मेनू भरून ठेवायचा आणि कुठले ठिपके जोडलेत त्यावर कॅसेट कमी गेमची की जास्त गेमची हे ठरायचं. एकच माल, वर वेगळा स्टिकर. जुन्या बाजारात अशी कॅसेट मिळाली आणि हाताशी सोल्डरिंग आयर्न असलं, तर हे करून बघायला हरकत नाही. इथे गमावण्यासारखं फारसं काही नसतं.

आधीच्या खेळातलं उरलेलं

आता पट्ट्या स्वच्छ आहेत असं धरून चालू. तरीही कॅसेट विचित्र वागू शकते, कारण मशीनमध्ये स्वतःची थोडी मेमरी असते. फॅमिकॉममध्ये ती फक्त २ किलोबाइट. जीव किती, गुण किती, मारिओ कुठे उभा आहे, सगळं तिथे. रीसेट दाबल्याने ही मेमरी पुसली जात नाही. पुसायची की नाही हे प्रत्येक गेम आपलं आपण ठरवतो.

यावरून जपानमध्ये ऐंशीच्या दशकात एक अचाट युक्ती पसरली. मारिओ चालू असतानाच, मशीन बंद न करता, कॅसेट ओढून काढायची. त्याच जागी निन्टेंडोचाच ‘टेनिस’ खोचायचा, रीसेट करायचं, खेळाडूला कोर्टवर थोडं चालवायचं. मग टेनिस काढून परत मारिओ, रीसेट, आणि ‘ए’ बटण दाबून धरून स्टार्ट. मारिओमध्ये वर्ल्ड फक्त आठ आहेत, पण आता नववा, किंवा त्याच्याही पुढचा, अक्षराच्या नावाचा एखादा वर्ल्ड उघडतो.

एका शिक्षकाने फळा न पुसता वर्ग सोडावा आणि पुढच्या तासाच्या शिक्षकाने त्यावरचे आकडे आपलेच समजून गणित पुढे न्यावं, तसं हे आहे. खेळ संपल्यावर त्याच वर्ल्डपासून पुन्हा सुरू करण्यासाठी मारिओ एका घरात वर्ल्डचा आकडा लिहून ठेवतो. सुरू होताना तो फक्त दोन गोष्टी तपासतो: सर्वोच्च गुणांचे आकडे ० ते ९ च्या आत आहेत ना, आणि एका ठराविक घरात १६५ हा खुणेचा आकडा आहे ना. दोन्ही जुळलं की तो समजतो, मशीन चालूच होती, आपलीच मेमरी आहे. टेनिस ही खूण पुसत नाही. मात्र खेळाडूच्या चालण्याबरोबर बदलणारं टेनिसचं घर नेमकं मारिओच्या ‘पुढे कुठल्या वर्ल्डपासून’ या घरावर पडतं. पावलं टाकाल तसा आकडा बदलतो. मारिओ तो मुकाट्याने वाचतो, आठ वर्ल्डची यादी ओलांडून पुढे पडलेले असंबद्ध बाइट यादीच समजतो आणि त्यांतून लेव्हल उभी करतो. (चालू मशीनमधून कॅसेट उपटणं चिपसाठी धोक्याचंच. आवडत्या मशीनवर करू नका.)

मारिओचा प्रसिद्ध ‘मायनस वर्ल्ड’ याच्याशी मिळताजुळता वाटतो, पण त्यात कॅसेट हलवावी लागत नाही. १-२ च्या, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलच्या, शेवटी भिंतीतून सरकून मारिओ शॉर्टकटच्या पाइपांपाशी जरा लवकर पोचला, तर गेमने त्या पाइपांचे आकडे अजून भरलेले नसतात. तिथे दुसऱ्या एका जागेचे आकडे लागू होतात: ३६, ५, ३६. त्या जागी एकच पाइप आहे, मधला. बाजूचे दोन आकडे म्हणजे पडद्यावर काहीच छापू नये म्हणून दिलेला कोऱ्या चौकोनाचा क्रमांक. मारिओ कडेच्या पाइपात शिरतो आणि थेट ३६ व्या वर्ल्डला जातो. नाव छापताना ३६ म्हणजे कोरा चौकोन, म्हणून उरतं फक्त ‘-१’. उणे वगैरे काही नाही, मधली रेघ तेवढी शिल्लक राहिलेली.

मशीन बंद झाल्यावरही मेमरी काही सेकंद टिकते, हे रेअर कंपनीने तर मुद्दाम वापरायचं ठरवलं होतं. १९९८ च्या ‘बांजो-काझूई’मध्ये बर्फाची एक किल्ली आणि काही रंगीत अंडी दिसतात, पण घेता येत नाहीत. बेत असा होता की खेळाडूने मशीन बंद करून झटपट दुसऱ्या गेमची कॅसेट लावायची आणि मेमरीत रेंगाळलेल्या खुणेवरून वस्तू उघडायच्या. निन्टेंडो ६४ च्या सुरुवातीच्या मशीन्समध्ये ती खूण दहाएक सेकंद टिकायची, नंतरच्या मशीन्समध्ये जेमतेम एक. योजना गुंडाळली गेली, किल्ली मात्र लाखो कॅसेटमध्ये तशीच बर्फात राहिली.

आधीच्या मालकाच्या खुणा

जपानमध्ये १९९६ साली आणि अमेरिकेत १९९८ साली आलेल्या ‘पोकेमॉन’च्या जुन्या कॅसेट परदेशात, आता आपल्याकडेही ऑनलाइन, बऱ्याच विकल्या जातात. अशा ‘रेड’ किंवा ‘ब्लू’ कॅसेटमध्ये आधीच्या मालकाचा खेळ शिल्लक असेल तर दोन गोष्टी बघा. पिशवीत एखाद्या वस्तूच्या संख्येत आकड्याऐवजी चित्रविचित्र चिन्ह आहे का? आणि विजेत्यांच्या दालनात पोकेमॉनऐवजी ठिपक्यांचा चिखल आहे का? दोन्ही असेल तर आधीच्या मालकाला ‘मिसिंगनो’ भेटलेला आहे.

गेमच्या एका गावात एक म्हातारा पोकेमॉन कसा पकडायचा ते करून दाखवतो. तेवढ्या वेळापुरतं पडद्यावर खेळाडूचं नाव काढून त्याचं नाव दाखवायचं असतं, म्हणून गेम खेळाडूचं नाव तात्पुरतं दुसरीकडे हलवतो. जागा वाचवायला हे नाव ठेवलं जातं ते त्या भागात गवतात कुठले प्राणी भेटतील त्या यादीच्या घरांत. पुढच्या जंगलात गेलं की यादी नव्याने भरते, त्यामुळे एरवी काही बिघडत नाही. पण तिथून थेट उडून सिनाबार बेटावर गेलं तर? त्या बेटावर गवत नाही, म्हणून यादी बदलत नाही. आणि बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पाण्याच्या पट्टीत एका चुकीमुळे गेम पाण्यातल्या प्राण्यांऐवजी गवताची यादी वाचतो. आता त्या यादीत आहे खेळाडूचं नाव. एक अक्षर लेव्हल, पुढचं अक्षर प्राणी, असं तो वाचत जातो. या गेममध्ये ‘ए’ अक्षराचा आकडा १२८ आहे, म्हणून शंभराच्या वरच्या लेव्हलचे प्राणी उगवतात. प्राण्यांसाठी १९० क्रमांक राखलेले, त्यात खरे पोकेमॉन १५१. उरलेल्या ३९ रिकाम्या जागांपैकी एक लागली की समोर येतो मिसिंगनो.

मिसिंगनो भेटला की पिशवीतली एक वस्तू भरमसाट वाढते, आणि त्याचं कारण मला त्याहून गमतीदार वाटतं. कुठलाही पोकेमॉन दिसला की गेम नोंदवहीत त्याच्या क्रमांकासमोर खूण करतो. मिसिंगनोचा नोंदवहीतला क्रमांक शून्य. मोजणी शून्यापासून करण्यासाठी गेम क्रमांकातून एक वजा करतो, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावत असल्याने शून्यातून एक गेला की उरतात २५५. गेम २५५ व्या घरात खूण करायला जातो. नोंदवही १५१ घरांची, म्हणून खूण वहीबाहेर पडते, ती नेमकी पिशवीतल्या सहाव्या वस्तूच्या संख्येवर, आणि त्या बाइटच्या आठ बिटांपैकी सगळ्यात मोठ्या किमतीच्या बिटवर. त्या बिटची किंमत १२८. एक वस्तू होती, तिच्या १२९ झाल्या. संख्या ९९ पर्यंतच दाखवायची सोय असल्याने दशकाच्या जागी भलतंच चिन्ह उमटतं. दालनातला चिखल होतो तो मिसिंगनोचं ‘चित्र’ उलगडताना. ते मुळात चित्रच नसल्याने आकाराबाहेर फुगतं आणि शेजारच्या जपून ठेवलेल्या मजकुरावर सांडतं. इंटरनेटवर झपाटलेल्या कॅसेटच्या कहाण्या भरपूर आहेत. मला त्यांच्यापेक्षा ही वजाबाकी जास्त रोमांचक वाटते.

या जपून ठेवलेल्या खेळाला आधार असतो एका गोल सेलचा, हातघड्याळात असतो तसा. मशीन बंद असताना तो कॅसेटमधल्या छोट्या मेमरीला जागं ठेवतो. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या ‘झेल्डा’च्या सोनेरी कॅसेटमध्ये असा सेल होता, आणि गेम बजावून सांगायचा की रीसेट दाबून धरूनच मशीन बंद करा. ही अंधश्रद्धा नव्हती. वीज उतरत असताना प्रोसेसर काही क्षण भरकटतो आणि वाटेल तिथे वाटेल ते लिहू शकतो, कदाचित तुमच्या जपलेल्या खेळावरही. रीसेट दाबलेलं असलं की तो गप्प राहतो. ‘पोकेमॉन गोल्ड’, ‘सिल्व्हर’मध्ये त्याच सेलवर खेळ आणि घड्याळ दोन्ही चालतात, म्हणून त्यांचे सेल जुन्या ‘रेड’-‘ब्लू’पेक्षा आधी संपतात. ‘रुबी’, ‘सफायर’मध्ये खेळ फ्लॅश मेमरीत असतो. सेल संपला तर गेम तशी सूचना देतो, घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात, पण जपलेला खेळ जात नाही.

मुद्दाम ठेवलेलं, आणि तसं वाटणारं

‘ग्रेडियस’ हा गेम १९८६ साली फॅमिकॉमवर आणताना कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीसाठी तो पुन्हा पुन्हा शेवटपर्यंत खेळावा लागे. गेम अवघड. म्हणून त्यांनी वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए असा संकेत घातला, आणि तो विकल्या गेलेल्या गेममध्ये राहून गेला. अमेरिकी काँट्रामध्ये तोच संकेत तीस जीव देतो. ‘सॉनिक २’मध्ये आवाज तपासायच्या यादीत १९, ६५, ०९, १७ हे क्रमांक वाजवले की लेव्हल सिलेक्ट उघडतो. १७ सप्टेंबर १९६५ ही प्रोग्रॅमर युजी नाका यांची जन्मतारीख. पुढचा, डीबगचा (चुका शोधायच्या मोडचा) संकेत ०१, ०९, ०९, ०२, ०१, ०१, ०२, ०४ असा आहे. २४ नोव्हेंबर १९९२ हा गेमच्या प्रकाशनाचा दिवस.

हे काढून का टाकत नसत? चिप अमुक किलोबाइटची, त्याच्या वरची थेट दुप्पट. मधला आकार सहसा नसतो, त्यामुळे थोडा भाग काढून पैसे वाचत नाहीत. उलट तपासून पूर्ण झालेल्या प्रोग्रॅममधून काही काढलं की बाकीचं जागचं हलतं आणि नवा घोळ होऊ शकतो. मजकूर कारखान्यात चिपच्या रचनेतच कायमचा उतरवला जायचा, एकदम हजारोंच्या संख्येने. अशा वेळी जे चालतंय त्याला हात न लावणं शहाणपणाचं. १९९७ च्या ‘गोल्डनआय’मध्ये असंच झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम आणि त्याचे दहा गेम निद्रिस्त सापडले, ते २०१२ साली.

‘मेट्रॉइड’चे दोन पासवर्ड मात्र वाचकाला चकवतात. ‘जस्टिन बेली’ टाकलं की नायिका चिलखताशिवाय, भरपूर शस्त्रांसह अवतरते. कोण हा बेली, यावर पुष्कळ तर्क झाले. पण या गेमचा पासवर्ड म्हणजे २४ अक्षरांत भरलेली खेळाची स्थिती आणि शेवटी ताळा. कुठलीही अक्षरं टाकली तर ताळा जुळायची शक्यता २५६ मध्ये एक. ही अक्षरं त्यात बसली, बस्स. याउलट ‘नारपासस्वोर्ड’ आणि पुढे शून्यं, हा पासवर्ड गेम खास वेगळा तपासतो आणि तुम्हाला अमर करतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कुठला योगायोग आणि कुठला हेतू, हे प्रोग्रॅम उघडल्याशिवाय कळत नाही.

आणि काही कॅसेट हेतुपुरस्सर दुष्ट वागतात. सुपर निन्टेंडोवरचा ‘अर्थबाउंड’ कॅसेटमधल्या सेव्ह मेमरीचा आकार मोजतो. नकलेत ती अनेकदा मूळपेक्षा मोठी असायची. आकार चुकला तर इशारा. नक्कल करणाऱ्याने इशाऱ्याची तपासणी उडवली असेल तर पुढच्या तपासण्या वाट बघत असतात: शत्रूंची संख्या बेसुमार वाढते, आणि कुणी चिकाटीने शेवटच्या लढाईपर्यंत पोचलाच, तर गेम तिथे गोठतो आणि जपलेले सगळे खेळ पुसून टाकतो. सेकंडहँड घेतलेला अर्थबाउंड भलताच अवघड वाटत असेल तर दोष तुमच्या बोटांना देण्याआधी बोर्ड बघा.

त्यासाठी आधी पट्ट्या पुसायच्या. तरी विचित्रपणा राहिला तर कॅसेट वाचणारं यंत्र हल्ली फार महाग नाही. त्याने चिपमधला मजकूर कॉम्प्युटरवर उतरवायचा आणि त्याचा चेकसम (सगळ्या मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) मूळ गेमच्या ज्ञात चेकसमशी ताडून बघायचा. जुळला तर चिप निर्दोष आहे. दोष बोर्डात, सेलमध्ये किंवा मशीनमध्ये शोधायचा. नाही जुळला तर कॅसेट दोनदा वाचून बघा, दोन्ही वेळा वेगळं आलं तर अजून मळ आहे. दोन्ही वेळा तेच वेगळं आलं तर नक्कल असेल, किंवा अधिकृतच पण आधीची आवृत्ती. ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत खलनायकाचं रक्त लाल आहे, तिसरीत हिरवं, आणि तिन्ही खऱ्या आहेत. हे सगळं करताना जपलेला खेळही त्याच यंत्राने उतरवून घ्या, आणि सेलला हात त्यानंतर लावा: जुना सेल सुटला की दुसऱ्या कुणीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जमवलेलं सगळं त्याच क्षणी जातं.